मोजत बसलेला माणूस

तुर्कूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
त्या दिवशी प्रयोगशाळेत आम्ही नऊ जण
एकाच आलेखाकडे बघत
वेगवेगळं काहीतरी सिद्ध करत होतो,
आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.
प्रमुख मीच. दारावर तशी पाटी आहे.

संध्याकाळी शेजारचा आर्मस म्हणाला, चल,
तालमीतून कुणी हाकलत नाही.
आर्मस वाद्यवृंदात असतो.
नगारा वाजवतो, झांजा वाजवतो,
पण या मोसमात फक्त तो छोटा लोखंडी त्रिकोण.

रिकाम्या सभागृहात, कोट न काढताच,
अकराव्या रांगेत बसले.
आधी ओबोनं एक सूर धरला,
बारीक, नाकातला, लाड करावेत असं त्यात काही नव्हतं,
आणि सत्तर माणसं त्याच्याकडे निघाली,
खुंट्या पिळत,
कुणी वरून उतरत, कुणी खालून चढत.
कंडक्टर तर अजून आलीही नव्हती.

आमच्याकडे सोमवारी
मी आल्याशिवाय कुणी खुर्चीसुद्धा सरकवत नाही.

मग ती आली. ठेंगणी, सर्दीनं बेजार, बाहीत रुमाल खोचलेला.
थोडं वाजवून घेतलं आणि थांबवलं.
वाटलं, आता कुणाची तरी खरडपट्टी.
तिनं व्हिओलांच्या शेवटच्या बाकाला विचारलं,
तिथून तुम्हाला बासरी ऐकू येते का?
एक टकलू गृहस्थ म्हणाले, नाही.
दोन वर्षांत कधीच नाही.
कुणीतरी हसलं. ती हसली नाही.
सगळ्यांना हळू, अजून हळू वाजवायला लावलं,
बासरी त्या बाकापर्यंत पोचेस्तोवर.

काठीला आवाज नसतो हे मला माहीत होतं,
शाळेत शिकवलेलं माहीत असतं तसं :
समुद्र खारट असतो.
आमचा बाल्टिक फारसा खारट नाही.
वीस वर्षं त्याचा खारेपणा मोजतेय मी,
चाखला शेवटचा लहानपणी, बुडता बुडता.

आणि मागे, अगदी मागे, आर्मस.
हात मांडीवर, ओठ हलताहेत.
एकशे बारा आवर्तनं मोजली त्यानं.
मग उठला, एकदाच छेडलं,
आणि त्रिकोण मखमलीवर परत ठेवला,
उबवायचं अंडं ठेवावं तसा.

आउरा नदीच्या कडेनं परतताना विचारलं,
कंटाळा नाही येत?
नव्वदनंतर भीती वाटते, म्हणाला.
एकदा ओउलूला एक आवर्तन आधी वाजवलं होतं.
अजून स्वप्नात येतं.
पुढे पुलापर्यंत आम्ही बोललो नाही.

सिर्का आमच्याकडे चौदा वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते.
बैठकीत रेडिएटरला टेकून बसते
आणि तिचे ओठ हलत असतात.
मला वाटायचं, वाणसामानाची यादी.

सोमवारी मी कोपऱ्यातली खुर्ची घेतली आणि गप्प बसले.
सोपं नव्हतं ते.
इल्मारीनं एक विनोद केला, तो पडला.
दावितनं घसा खाकरला, वही उघडली, मिटली.
टेबलाखाली माझी पेन्सिल मोडली.
चार मिनिटं झाली असतील.

मग सिर्का म्हणाली,
सात नंबरचं मीटर फेब्रुवारीपासून खोटं बोलतंय.
आहे त्याहून खारं दाखवतं.
मी लिहून ठेवलंय. वही कुणी मागितली नाही.

फेब्रुवारीपासून. अहवालाला बारा दिवस उरलेले.
आलेख समोर भिंतीवर, निर्लज्जासारखा वर चढत गेलेला.
आधी का नाही सांगितलंस, हे माझ्या जिभेवर आलं होतं,
अगदी दातांपर्यंत.

त्याऐवजी विचारलं,
तिथून, रेडिएटरपाशी, आमचं बोलणं ऐकू येतं का तुला?

येतं ना, ती म्हणाली. फार येतं.

आणि वही आणायला उठली.
निळी, कोपरे झिजलेली.
ती टेबलावर उघडली तेव्हा
सात खुर्च्या आपणहून सरकल्या.
आठवी माझी.
तिला जरा वेळ लागला.